मेलेल्या गाईचं दूध

१

मदत कचेरीच्या टपालात त्या सकाळी एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नाही, आत कागदाचा कपटाही नाही. निळ्या काठाच्या फडक्यात गुंडाळलेला एक पिवळा प्लास्टिकचा बिल्ला तेवढा होता, गाईच्या कानात ठोकतात तसला. बिल्ल्याला कानाचा तुकडा चिकटलेला होता आणि त्यावरचं रक्त वाळून काळं पडलं होतं.

कारकुनाने नाक दाबून बिल्ल्यावरचा क्रमांक कॉम्प्युटरमध्ये घातला. गाय मेलेली निघाली. मागच्या पुरात आणखी दोन गाईंबरोबर वाहून गेलेली, पशुवैद्याने तसा दाखला दिलेली, मालकिणीला सरकारी मदतीचा पहिला हप्ता पोचलेला. सगळं रीतसर होतं.

"मग त्यात एवढं काय?" साहेब म्हणाले. "मेलेल्या गाईचा बिल्ला सापडला. फायलीला लावा."

मुंगूसबाईंनी बिल्ला उचलून खिडकीच्या उजेडात धरला. अख्खी कचेरी त्यांना पाठीमागे मुंगूस म्हणायची आणि त्यांना ते ठाऊक होतं. त्याचा त्यांना राग नव्हता. मुंगूस निदान साप बघून पळत तरी नाही, आणि या कचेरीत पळणाऱ्यांची काही टंचाई नव्हती. मदतीच्या पैशांतली लबाडी हुडकणं हे बाईंचं काम. पुरात गुरं वाहतात, घरं वाहतात आणि कित्येकांची लाजही वाहून जाते, असं त्यांचं अनुभवाचं मत होतं.

"वाहून गेलेली गाय कोणाला मिळालीच नव्हती, साहेब. मग तिचा बिल्ला आला कुठून? आणि मेलेला कान कापला तर असं रक्त येत नाही. बिल्ला कापला तेव्हा ही गाय जिवंत होती."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. विचार करताना ते असंच करत, म्हणजे क्वचितच. "म्हणजे त्या बाईनं आपल्याला बनवलं. दुसरा हप्ता थांबवा."

आधी चौकशी करू या, असं बाईंनी सुचवून पाहिलं. पण हप्ता थांबवायला एक सही पुरते आणि चौकशीला चपला झिजवाव्या लागतात. साहेबांनी सही केली, आणि बाई चपला घालून निघाल्या.

२

मालकीण भिंत बांधत होती.

सगळं गाव तिला वहिनी म्हणायचं. नवरा गेल्यावर तिने तीन गाईंवर संसार रेटला होता. पुराने गोठा नेला, गाई नेल्या, राहत्या खोलीच्या भिंतीवर छातीएवढ्या उंचीवर चिखलाची रेघ ठेवली. आता त्या खोलीशेजारी नवा गोठा उभा राहत होता. गवंड्याची मजुरी परवडत नव्हती म्हणून ती स्वतःच डाव्या हातात थापी घेऊन सिमेंट थापत होती, आणि उजव्या हाताने विटा ठोकून बसवत होती. चार भिंती झाल्या होत्या, वर मोकळं आभाळ होतं.

पत्रे दुसऱ्या हप्त्यात येणार होते. तो थांबल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा वहिनींची थापी हवेतच थबकली.

"पत्र्याशिवाय गोठा नाही, गोठ्याशिवाय गाय नाही," त्या म्हणाल्या. "गाय नाही तर मी खाऊ काय, या विटा?"

मग उरलेलं त्यांनी भिंतीकडे बघत सांगितलं. शेजारचं शेत धाकट्या दिराचं. तो भला माणूस आहे, तुमची जमीन मला द्या आणि निश्चिंत व्हा, असं त्याचं चार वेळा म्हणून झालं आहे. वहिनींना ती द्यायची नाही. पण पावसाआधी गोठ्यावर छप्पर चढलं नाही, तर जमीन दिराच्या नावावर करून कोणाच्या तरी घरची धुणीभांडी धरावी लागणार, हे त्यांना दिसत होतं.

बाईंनी बिल्ला पुढे केला. वहिनींनी क्रमांक वाचला नाही, नुसता कानाचा तुकडा पाहिला. त्यावरच्या पांढऱ्या ठिपक्यावर बोट ठेवलं.

"ही पुढारीण. सगळ्यांच्या पुढे चालायची म्हणून." आणि त्या पदराने रक्ताचा डाग पुसायला लागल्या. पुरावा पुसला जातोय म्हणून बाईंनी तो घाईने काढून घेतला, आणि काढून घेतल्यावर त्यांना स्वतःचाच राग आला.

दूध संकलन केंद्राच्या सेक्रेटरीने येताना वाटेतच बाईंचे कान भरले होते. पुराच्या आदल्या दिवशी वहिनींच्या दारात टेम्पो उभा होता, गाई व्यापाऱ्याला विकल्या आणि वर मदतही लाटली. बाईंनी टेम्पोचं विचारलं. वहिनी म्हणाल्या, चाऱ्याचा होता. भाऊजींनीच पाठवला होता, पाऊस लागणार म्हणून.

"दिरांचं बरंच लक्ष आहे तुमच्यावर."

"आहे की. रोज सकाळी स्वतः येऊन किटलीभर दूध ठेवून जातात. मी म्हटलं, मी येऊन नेत जाईन. तर म्हणाले, वहिनी, तुम्ही कशाला चिखलातून येता? शिवाय गाई बघून तुमचं मन दुखेल. मी पूर आल्यापासून त्यांच्या गोठ्यात पाऊल टाकलेलं नाही."

"आणि तुमच्या गाई वाहून जाताना कोणी पाहिल्या?"

"त्यांनीच. त्यांनी साक्ष दिली म्हणून तर मला मदत मिळाली. नाहीतर गाय नाही, बिल्ला नाही, मला छदामही मिळाला नसता."

बाईंनी किटली उचलून पाहिली. दूध अजून कोमट होतं.

३

पशुवैद्य आपल्या दवाखान्यात औषधांच्या खोक्यांवरच बसले होते, कारण खुर्ची पुरात गेली होती. वय तरुण, डोळे म्हाताऱ्याचे. बिल्ला बघून त्यांनी आधी खांदे उडवले आणि मग, बाई नुसत्याच समोर बसून राहिल्या म्हणून, हळूहळू बोलायला लागले.

गाई मेलेल्या त्यांनी पाहिल्या नव्हत्या. पाहणार कशा? त्या आठवड्यात सगळ्या पंचक्रोशीत गुरं फुगून पडली होती, हे एकटे, आणि वरून रोज फोन की दाखले कुठे आहेत. वहिनींच्या दिराने शपथेवर सांगितलं, मी तीन गाई पुरात वाहून जाताना डोळ्यांनी पाहिल्या. गावातला सज्जन माणूस. ह्यांनी दाखला दिला.

"त्या माणसाला मदत मिळाली का?"

"नाही. त्याचं एकही जनावर गेलं नाही. गोठा उंचावर आहे. त्यानं मागितलीही नाही. मला वाटलं, असे लोक आहेत म्हणून जग चाललंय."

बाईंना जग कशावर चालतं याबद्दल वेगळं वाटत होतं, पण त्यांनी दुसरंच विचारलं. पुरानंतर गावात नवे बिल्ले कोणाकोणाला दिले?

डॉक्टर अवघडले. नियमाने बिल्ला डॉक्टरने स्वतः ठोकायचा असतो. पण गर्दीत त्यांनी काहींना बिल्ले आणि पक्कड हातात देऊन टाकली होती, तुम्हीच ठोका म्हणून. वहिनींच्या दिरालाही. त्याने नदीच्या वरच्या अंगाला कोणाकडून तरी गाई विकत घेतल्या होत्या म्हणे.

"किती?"

डॉक्टरांनी तोंड उघडलं, आणि उत्तर देण्याआधीच त्यांचा चेहरा उतरला.

"तीन," ते म्हणाले.

४

दिराचा गोठा प्रशस्त, धुतलेला, एका रांगेत काळ्या-पांढऱ्या गाई. दीर स्वतः हसतमुख, अंगाने भरलेला, बोलायला गोड. बाईंना बसायला खुर्ची दिली, आणि बसायच्या आधी ती पुसून दिली.

नव्या गाई? या काय, कोपऱ्यातल्या. वरच्या गावातला एक जण सगळं विकून शहरात गेला, त्याच्याकडून घेतल्या. पावती कसली, पुरात कोण पावती देतो? कान फाटलेत खरे. पण बघा ना, इथल्या निम्म्या गाईंचे कान फाटलेत. कुंपणाच्या काटेरी तारेत अडकतात. वहिनींच्या गाईंसारख्या दिसतात? दिसणारच, गावातल्या सगळ्या गाई एकाच वळूच्या.

प्रत्येक प्रश्नाला उत्तर तयार होतं, आणि प्रत्येक उत्तर खरं असू शकत होतं. बाईंना गाईंतलं काही कळत नव्हतं. शेपटीकडे उभं राहू नये, एवढंच त्यांचं ज्ञान.

संध्याकाळच्या धारा सुरू झाल्या. दिराची बायको, वहिनींची धाकटी जाऊ, बादली आणि तिवई घेऊन आली. बाईंकडे तिने पाहिलंही नाही. ती एकेका गाईच्या उजव्या अंगाला तिवई टाकून बसत होती आणि धार काढून पुढे सरकत होती. तिच्या उजव्या मनगटावर सुजून गेल्याची जुनी काळी-निळी खूण होती.

"लाथ लागली," दीर हसून म्हणाला. "नवी गाय आहे, रुळायला वेळ लागतो. आणि दुभत्या गाईच्या लाथा गोड."

रांग संपली, कोपऱ्यातल्या तीन गाई उरल्या. अगदी शेवटची भिंतीला लागून उभी होती. तिच्या डाव्या अंगाला भिंत, मध्ये जेमतेम माणूस शिरेल एवढी फट. उजव्या अंगाला ऐसपैस जागा. धाकटी त्या मोकळ्या जागेवरून पुढे गेली, गाईला वळसा घातला, अंग चोरून भिंतीच्या फटीत शिरली आणि तिथे कशीबशी तिवई टेकवून धार काढायला बसली. उरलेल्या दोघींचीही तिने डावीकडूनच काढली.

बाई बघत राहिल्या. एवढी जागा सोडून ही बाई अडचणीत का शिरते? त्यांनी दिराला विचारलं. सवय, तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याने विषय बदलला.

धाकटी दूध गाळायला लागली. किटलीच्या तोंडावर तिने फडकं बांधलं. फडक्याला निळा काठ होता आणि एक बाजू फाडून घेतलेली होती. बाईंनी ते पाहिलं. त्यांनी पाहिलं हे धाकटीनेही पाहिलं, आणि तिचे हात थांबले.

दीर चारा आणायला मागे गेला तेवढ्यात बाई तिच्याजवळ गेल्या. त्यांनी पाकिटाबद्दल विचारलं नाही. एवढंच विचारलं, की गाईची धार कोणत्या अंगाला बसून काढायची, हे कोण ठरवतं?

"पहिल्या वेताला जो बसेल तो," धाकटी दबक्या आवाजात म्हणाली. "मग गाय जन्मभर तेच अंग धरते. दुसरीकडून गेलात तर लाथ. आम्ही दोघी एकाच घरात नांदलो, बाई. मी माझ्या गाईच्या उजवीकडे बसायची, जाऊबाई शेजारच्या गाईच्या डावीकडे, पाठीला पाठ लावून. सासूबाईंच्या चहाड्या आम्ही तिथेच सांगायचो." तिने मनगटाकडे पाहिलं. "तो बिल्ला मला शेणात सापडला. याहून जास्त मी बोलणार नाही. मला या घरात राहायचंय."

बाईंना भिंतीवर वीट ठोकणारी वहिनी आठवली, आणि थापी कोणत्या हातात होती तेही आठवलं.

५

दुसऱ्या दिवशी सकाळच्या धारांना बाई चार माणसं घेऊन गोठ्यात आल्या. पशुवैद्य, सेक्रेटरी, कचेरीचा शिपाई आणि शेवटी वहिनी. वहिनींना त्यांनी दाराबाहेर थांबवलं होतं आणि काही सांगितलेलं नव्हतं.

दीर गोरामोरा झाला, पण बोलायचा थांबला नाही. हिला आणून काय उपयोग? पैसे अडकलेत तिचे, कोणत्याही गाईवर बोट ठेवून ती माझी म्हणेल.

"त्यांना बोट ठेवायचंच नाही," बाई म्हणाल्या. "तुम्ही बसा. ही भिंतीजवळची गाय. मोकळ्या बाजूला बसून धार काढा."

तो बसेना. मग सेक्रेटरी बसला. जन्म दुधात गेला होता त्याचा, त्याला कशाची भीती? त्याने सडाला हात लावला आणि पुढच्या क्षणी बादली एकीकडे नि तो एकीकडे. दुसऱ्या गाईपाशी तेच. तिसरीपाशी त्याने बसायलाच नकार दिला.

बाईंनी वहिनींना हाक मारली. आत येताना वहिनींनी मान खालीच घातली होती, परक्या गाई बघायच्या नाहीत म्हणून. बाईंनी त्यांच्या हातात तिवई दिली आणि कोपऱ्याकडे बोट केलं. तिचं दूध काढा, एवढंच म्हणाल्या. वहिनी सवयीने वळसा घालून डाव्या अंगाला गेल्या. त्या फटीत शिरायच्या आधीच गाईने डावा पाय मागे घेतला. बसायला जागा करून दिली.

वहिनी तिथेच उभ्या राहिल्या. मग त्यांनी गाईच्या कुशीवर डोकं टेकलं आणि ढसाढसा रडल्या.

"गावात डावखुरी धार काढणारी दुसरी कोण आहे?" बाईंनी विचारलं. सगळ्यांची नजर वहिनींकडे गेली. तेव्हा बाईंनीच उरलेलं मांडलं. पाणी चढताना तीन गाई उंचावरच्या या गोठ्याकडे आल्या. दिराने त्या बांधल्या, कानातून बिल्ले कापले. आता वहिनी शोधत बसल्या तर पंचाईत. म्हणून त्याने साक्ष दिली. गाई मेल्याचा दाखला मिळाला, पैसे मिळाले, की माणूस शोधायचं थांबतो. आणि वहिनी गोठ्यात येऊ नयेत म्हणून दूध घरपोच.

"आल्या नव्हत्या," दीर एकदम म्हणाला. "मी ओढून आणल्या. कमरेएवढ्या पाण्यात. मी नसतो तर खरंच मेल्या असत्या. तिला सरकारने पैसे दिले, मला गाई मिळाल्या. कोणाचं काय गेलं? वर रोज किटलीभर दूध दिलं."

वहिनींनी डोकं वर केलं.

"माझ्याच गाईंचं, भाऊजी?"

 

६

रहस्य उलगडलं की न्याय होतो, असं ज्यांना वाटतं त्यांनी कधी सरकारी कचेरीत नोकरी केलेली नसावी.

मुंगूसबाईंनी अहवाल चोख लिहिला. पाकीट पाठवणारा अज्ञात, असं लिहिलं आणि निळ्या काठाचं फडकं मुद्देमालात दाखवलंच नाही. नोकरीतली त्यांची तेवढी एकच लबाडी. शेवटी त्यांनी शिफारस केली की दिलेली मदत दिराकडून वसूल करावी, आणि वहिनींच्या गाई वहिनींना द्याव्यात.

साहेबांनी चष्मा पुसला. "मदत मेलेल्या गाईंची होती. गाई जिवंत आहेत. म्हणजे मदत चुकीची दिली गेली. पैसे कोणाच्या खात्यात गेले? त्या बाईच्या. मग वसुली कोणाकडून? तिनं पाहिजे तर दिरावर दावा लावावा, कोर्ट कोणाला बंद नाही."

"तिची चोरी झालीय, साहेब."

"चोरीचं पोलीस बघतील. आपलं खातं मदतीचं."

चोर सोडून संन्याशाला फाशी, हे बाई त्यांच्या तोंडावर म्हणाल्या. साहेबांना म्हण आवडली, ते हसलेसुद्धा, आणि त्यांनी सही केली.

गाईंचं तर त्याहून वरताण. पोलिसांनी दिरावर चोरीची केस केली, आणि खटल्याचा निकाल लागेपर्यंत जनावरं कोणाकडे ठेवायची, असा प्रश्न आला. नियम म्हणतो, छप्पर असलेल्या, कोरड्या गोठ्यात. वहिनींच्या गोठ्याला छप्पर नव्हतं. छपराचा हप्ता थांबवलेला होता. गावात जागा असलेला कोरडा गोठा एकच होता, आणि जामिनावर सुटलेला त्याचा मालक आनंदाने तयार होता. दूध त्याने चाऱ्याच्या खर्चापोटी ठेवून घ्यावं, असंही कोर्टाच्या हुकमात होतं. किटली अर्थातच बंद झाली.

वसुलीची नोटीस टपालाने जायची, पण बाई ती स्वतः घेऊन गेल्या. तेवढी तरी आपली जबाबदारी आहे, असं त्यांना वाटलं. वहिनी बिनछपराच्या गोठ्यात विटेवर बसल्या होत्या. त्यांनी नोटीस सावकाश वाचली. बाईंनी अपील कसं करायचं ते सांगितलं, आपण स्वतः साक्षीला येऊ म्हणून सांगितलं. वहिनी ऐकत होत्या की नाही कळत नव्हतं.

"बाई, तुम्ही खरं शोधून काढलंत," शेवटी त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, असता तर बाईंना बरं वाटलं असतं. "पण खरं सांगू? माझ्या गाई मेलेल्या होत्या तेव्हा मला पत्रे मिळणार होते. आता त्या जिवंत आहेत, तर माझ्याकडे गाई नाहीत, पैसे नाहीत, आणि ही जमीनही विकावी लागेल."

"कोणाला?"

वहिनींनी कुंपणापलीकडे पाहिलं.  तेवढ्या पैशांचं दुसरं गिऱ्हाईक गावात नव्हतं.

धारांची वेळ झाली होती. पलीकडे बादली वाजली. वहिनी उठल्या, कुंपणाच्या तारेपाशी गेल्या आणि उभ्या राहिल्या. बाईही मागोमाग गेल्या. पुरानंतर कायम लोटलेलं असायचं ते गोठ्याचं मोठं दार आज उघडं होतं, त्यातून कोपरा सरळ दिसत होता. धाकटी जाऊ भिंतीच्या फटीत अंग चोरून बसली होती. तिनेही इकडे पाहिलं, आणि मान खाली घातली.

"पुढारीण," वहिनींनी हाक मारली. अगदी हळू, रोज मारत असतील तशी.

गाईने मान वळवली. धाकटी आधीच बसलेली असतानाही तिने डावा पाय आणखी थोडा मागे घेतला. मग दीर दारात आला, त्याने दोघींना पाहून नमस्कार केला, आणि दार लोटून घेतलं.